राग कुठं बसतो

यंदा थंडी रेंगाळतच आली, पण आली ती चांगली मुक्कामाला आली. सकाळी फिरायला निघाले की पिंगळीच्या रस्त्याला करडई फुललेली दिसते. आधी पिवळी, मग दिवस जातील तशी शेंदरी होत जाणारी. ज्वारी दुधात आलेली असते. बांधावर कुणीतरी जाळ केलेला असतो आणि त्याचा धूर वर न जाता पिकावरच आडवा पसरतो. तो धूर नाकात गेला, की माझी निवृत्ती, गुडघे, रक्तदाबाची गोळी सगळं मागं पडतं. तेल चोपडून घट्ट वेणी घातलेली एक पोरगी पूर्णेच्या प्लॅटफॉर्मवर परभणीच्या पॅसेंजरची वाट बघत उभी राहते. स्वेटर नाही, म्हणून पुस्तकं छातीशी धरलेली. ती मीच.

थंडी दरवर्षी येते, पण मला आठवतो तो एकच हिवाळा. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते तो. विद्यापीठाच्या नामांतराची मागणी तेव्हा भिजत पडली होती. ठराव होऊन बरीच वर्षं लोटली होती, नाव मात्र बदललं नव्हतं. त्या हिवाळ्यात आमच्या घरी बाहेरून बघणाऱ्याला सांगता येईल असं काही घडलं नाही. लग्न ठरलं नाही, कुणाला नोकरी लागली नाही. आमच्या घरातली माणसं एकमेकांना नव्यानं दिसली, एवढंच.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते रेल्वेत गँगमन होते. रुळाखालची खडी सारखी करायची, बोल्ट आवळायचे, उन्हात लोखंड पसरतं आणि थंडीत आखडतं त्याच्यावर नजर ठेवायची. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरात राहायचो. दादा, आई, मी आणि माझ्या पाठचा मिलिंद. मीटरगेजचे दिवस, कोळशाची इंजिनं. दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत पुन्हा काळवंडायचे आणि आई त्या धुराला शेजारणीसारखं बोल लावायची.

दादांचा राग आख्ख्या कॉलनीला माहीत होता. ‘गँगमन तापला की रूळबी वाकतोय’ असं लोक हसत म्हणायचे. आम्ही हसायचो नाही. आवाज चढला, की मिलिंद शेवग्याच्या झाडामागं जायचा, आई चुलीशी वाकायची आणि मी दात आवळायची. प्रत्येकाची जागा ठरलेली. आईनं याला एक नाव देऊन ठेवलं होतं, ‘सोभाव.’ “तुज्या दादाचा सोभावच तसा हाय, शाले. माणूस वाईट न्हाई.” नाव दिलं की विषय संपतो. आमच्याकडं तो कितीतरी वर्षं असाच संपत आला होता.

मानसशास्त्र हा विषय मी काही आवडीनं घेतला नाही. मला मराठी घ्यायचं होतं, पण त्याचा तास सकाळी इतका लवकर असायचा, की पूर्णेहून येणारी गाडी तोवर वाटेतल्या मिरखललासुद्धा पोचायची नाही. गाडीच्या वेळेला जुळणारा विषय म्हणून मानसशास्त्र. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच चांगल्या गोष्टी अशा गाडीच्या वेळापत्रकानं ठरवल्या आहेत.

शिकवायला निगार मॅडम होत्या. औरंगाबादच्या, बारीक अंगाच्या, कायम फिकट रंगाच्या सुती साडीतल्या. मराठी स्वच्छ बोलायच्या, मनापासून काही सांगायचं असलं की मात्र त्यांच्या बोलण्यात आपसूक उर्दू उतरायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच तासाला त्यांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं.

“भावना पुस्तकात नसतात,” त्या म्हणाल्या. “त्या तुमच्या घरात असतात. आता थंडीभर एक काम करायचं. गुस्सा आला की एक क्षण थांबायचं आणि बघायचं, तो अंगात कुठं बसलाय. घशात? पोटात? हाताच्या मुठीत? आणि त्याच्या पाठीमागं कोण उभं आहे? गुस्सा घरातल्या थोरल्या पोरासारखा असतो, दार नेहमी तोच उघडतो. त्याच्याशी भांडत बसू नका. त्याच्या खांद्यावरून आत डोकवा.”

एका मुलीनं विचारलं, “मॅडम, लिहून आणायचं का?”

“बिलकुल नाही. लिहायला बसलं की माणूस स्वतःला शोभेल तेच लिहितो. फक्त बघा. आणि हो, आधी स्वतःकडं. घरच्या लोकांची तपासणी करायला तुम्ही काही इन्स्पेक्टर नाही.”

वर्ग हसला. मला मात्र ते काम लागून राहिलं. गाडीत, पाणी भरताना, भाकरी थापताना मी स्वतःवर पाळत ठेवायला लागले.

पहिल्या काही दिवसांत जे सापडलं ते फार थोर नव्हतं. आई मिलिंदला तव्यावरची ताजी भाकरी द्यायची आणि मला सकाळची. मला राग यायचा. मी थांबून बघितलं तर तो पोटात होता. त्याच्या पाठीमागं डोकावले तर तिथं नुसती भूक बसलेली. आधी जेवून मग भांडायचं ठरवलं, तर जेवल्यावर भांडण शिल्लकच राहिलं नाही. पण सगळ्या वेळी असं सोपं नव्हतं. पिंगळीला गाडीत चढणारी एक मैत्रीण होती, तिचा निळा स्वेटर बघितला की माझ्या मानेवर काहीतरी ताठ व्हायचं. मी त्याला राग समजत होते. नीट बघितल्यावर तो हेवा निघाला, आणि हेव्याच्याही मागं साधी थंडी. हे कळलं त्या दिवशी मी तिला म्हटलं, “तुझा स्वेटर लय छान आहे.” तिनं लगेच काढून माझ्या खांद्यावर टाकला. “परभणी येईस्तोवर घाल गं.” मनातल्याचं नीट नाव घेऊन बोललं की समोरचं माणूस असं हलकं होऊन जवळ येतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आईकडं बघण्याची माझी रीतही बदलली. ती रागावली की भांडी आपटते असं आम्ही म्हणायचो. आता लक्षात आलं, की ती रागावल्यावर उलट अगदी हळू भांडी ठेवते. आपटते ती काळजीत असली म्हणजे. इतकी वर्षं एका घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं.

राहिले दादा. त्यांच्यापाशी माझा अभ्यास अडायचा. त्यांचा आवाज चढला की माझे दात असे आवळले जायचे, की थांबणं, बघणं सगळं विसरून जायचं.

मग एकदा परतीची गाडी फार उशिरा आली. वाटेत कुठंतरी इंजिन बिघडलं होतं. परभणीच्या स्टेशनवर आम्ही पोरी बोरं खात, शेंगा फोडत, गाणी म्हणत बसून राहिलो. पूर्णेला पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. दिवे लागायला आले होते. दादा नेहमीसारखे प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभे होते. ते रोजच तिथं उभे असायचे. ड्यूटी संपली की घरी न जाता तिथं यायचे, आणि मला ते अगदी नकोसं व्हायचं. पोरी चिडवायच्या, “आला बघ तुझा सिग्नल.”

मी डब्यातून उतरले. त्यांनी मला बघितलं, आणि मग ओरडले.

“कुठं मेली व्हतीस? येळ काय, काळ काय? घरदार हाय का न्हाई तुला?”

“दादा, गाडीच...”

“गाडी मला शिकवू नगं! मी जल्म काढलाय गाडीत! बास झालं कॉलेज. उद्यापासनं घरी बसायचं.”

सगळा प्लॅटफॉर्म बघत होता. मैत्रिणी मान खाली घालून निघून गेल्या. माझे दात आवळले गेले आणि त्या दिवशी, का कोण जाणे, मला मॅडमची आठवण झाली. कुठं बसलाय राग? दातांत. पाठीमागं कोण? लाज. सगळ्यांसमोर वाटलेली. आणि तिच्याही मागं कोपऱ्यात भीती, की उद्या खरंच हे मला घरी बसवतील, आणि गाडी, मॅडम, वर्ग, सगळं संपेल.

माझं मला दिसलं तसे दात जरा सैल पडले. मग मान वर करून त्यांच्याकडं बघता आलं. मी दादांना ओरडताना आजवर कधी बघितलंच नव्हतं, कारण ते ओरडायला लागले की मी जमिनीकडं बघायची. त्यांनी तारेचं कुंपण मुठीत घट्ट धरलं होतं. कपाळावर घाम होता, एवढ्या थंडीत. आणि एक गोष्ट मनात लख्ख झाली. गाडी येत होती तेव्हा ते गप्प होते. मी उतरून नीट उभी दिसले, त्यानंतर त्यांचा आवाज चढला. राग उशिरा आला होता. त्याच्या आधी तिथं दुसरंच काहीतरी उभं होतं.

घरी गेलो. आईनं भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी मी गाडीला गेले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. दादा ड्यूटीवर जायचे, यायचे, अंगणात बसायचे. घरात कुणी वारल्यासारखं झालं होतं.

रविवार आला. दादांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं हरभऱ्याचे डहाळे धाडले होते. दुपारच्या उन्हात अंगणात पोतं अंथरून आम्ही सगळे ते सोलायला बसलो. हिरव्या घाट्यांची आंब बोटांना लागली की कातडी चुरचुरते. मिलिंद सोलण्यापेक्षा खातच जास्त होता. दादा मान खाली घालून सोलत होते. मी बराच वेळ धीर गोळा केला. कॉलेजला पाठवा म्हणायचं, असं रात्रभर ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

“दादा, गाडीला उशीर व्हतो तवा, गाडी दिसेपर्यंत तुमाला काय व्हतं?”

“काय व्हतं म्हंजी?”

“म्हणजे अंगात. कुठं काय वाटतं का?”

आईचे हात थांबले. मला वाटलं, आता आवाज चढणार. पण दादा हातातल्या घाट्याकडं बघत राहिले. असं त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी हात छातीच्या खाली, पोटाच्या वर ठेवला.

“हितं,” ते म्हणाले. “हितं गोळा येतोय. दगडावानी. श्वास घ्यायला येत न्हाई मग.”

“कवापासनं?”

ते आईकडं बघायला लागले. मग पुन्हा खाली. आणि हळूहळू, खडी सारखी करावी तसे एकेक शब्द ठेवत बोलायला लागले.

ते बोलले त्या दिवसाबद्दल. नामांतराच्या दंगलीचा तो पावसाळा. आम्ही तेव्हा गावी राहायचो आणि दादा एकटेच पूर्णेला. आमच्या वस्तीवर आधी दगड आले, मग छपरं पेटली. मी बारा-तेरा वर्षांची असेन. आईनं मिलिंदला पाठीशी बांधलं, माझा हात धरला आणि कमरेएवढ्या ज्वारीतून आम्ही वाकून चालत राहिलो. चिखल, पायाला कापणारी पानं, आईचा माझ्या तोंडावर दाबलेला हात, एवढं मला आठवत होतं. जवळचं लहान स्टेशन गाठून आम्ही मिळेल त्या गाडीत चढलो आणि पूर्णेला आलो, दादांकडं. पण दादा तिथं नव्हते. बातमी कळताच ते रुळांवरून पळत गावाकडं निघाले होते. आमची गाडी त्यांना कुठंतरी वाटेत ओलांडून गेली असणार.

हे आम्हाला माहीत होतं. चुकामूक झाली, दुसऱ्या दिवशी भेट झाली, एवढंच आमच्या घरात त्या दिवसाबद्दल बोललं जायचं. पुढचं कुणालाच माहीत नव्हतं.

“मी गेलो तं घर न्हवतंच,” दादा म्हणाले. “नुसती राख. पाऊस पडूपडू तिचा काला झालेला. माणूसबी न्हाई विचारायला. सगळे पळालेले. मग मी...” ते थांबले. “मी राखंत हात घालून बघितलं. चाचपून. कोपरा न् कोपरा. तुमी सापडताय का म्हणून.”

मिलिंदनं तोंडातला घास तसाच धरला. कुठंतरी इंजिनाची शिटी झाली.

“तवापासनं हाय हा गोळा. गाडी आली, तुमच्यातलं कुणी दिसलं, की तो फुटतोय. आन् फुटला की मग काय बोलतो, माजं मलाच कळत न्हाई.”

मला वाटलं होतं आई रडेल. ती रडली नाही. तिचा चेहरा नवलानं भरून गेला होता.

“तुमी ह्ये मला कधीच सांगितलं न्हाई,” ती म्हणाली.

“काय सांगायचं?”

“मला आजवर वाटायचं, तुमी माज्यावर चिडल्यात. मी घर टाकून आले म्हणून. कुनाजवळ निरोप न ठिवता आले म्हणून. म्हणून तुमी असं वरडताव. म्या मनात म्हणायची, वरडू द्या, चूक माजीच हाय.”

दादांनी मान वर केली. “तुज्यावर? अगं, तू लेकरं जित्ती आणलीस. मी तुज्यावर कशाला चिडू?” मग एकदम आवाज बारीक झाला. “मला वाटायचं तूच मनातनं चिडलीस. नवरा येळंला हजर न्हवता म्हणून.”

“अगं बाई,” आई म्हणाली. तिचं हसू आणि रडू एकाच वेळी आलं. तिनं पदर तोंडाला लावला. दादांनी काय करावं हे न सुचून सोललेले हरभरे मूठभर उचलले आणि तिच्या हातावर ठेवले. मी माझ्या आईवडिलांना एकमेकांचा हात धरताना कधी बघितलं नाही. त्या दुपारी जे बघितलं ते त्याच्या फार जवळचं होतं.

ती वेळ आठवली की वाटतं, एका छपराखाली दोन माणसं वर्षानुवर्षं एकमेकांची माफी मागत होती आणि दोघांनाही ऐकू जात नव्हतं. मध्ये राग उभा होता. त्याला आम्ही सोभाव म्हणत होतो. घरं अशी कितीतरी असतील. भीतीला भीती म्हणायला लाज वाटते, पुरुषाला जास्तच. रागाला कुणी हसत नाही. म्हणून भीती रागाचे कपडे घालून बाहेर पडते. आणि आम्हा लोकांना तर भ्यायलोय असं दाखवणं परवडणारंही नव्हतं. दादा कामावर, गावात, ठाण्यात, सगळीकडं ताठ उभे राहायचे. तो गोळा उतरवायला जागा होती ती फक्त घरी, आमच्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंधारात आईनं मला हलवलं. भाकरीचा डबा बांधून तयार होता. दादा दारात मफलर गुंडाळत उभे होते.

“चल,” ते म्हणाले. “गाडीला उशीर व्हईल.”

प्लॅटफॉर्मवर ते खाकरून म्हणाले, “सांजच्याला मी हितं उभा ऱ्हाणारच. ते काई सुटायचं न्हाई. पण वरडनार न्हाई म्हणतो.”

“ओरडलात तरी चालंल,” मी म्हटलं. “मला कळंल आता.”

ते ओरडले, पुढंही कितीतरी वेळा. माणूस एका दुपारीत बदलत नाही. पण आता आवाज चढला, की आई चुलीपासून म्हणायची, “गोळा आलाय का ओ?” दादा मध्येच थांबायचे. कधी चिडून “व्हय” म्हणायचे, कधी हसायचे. मिलिंद शेवग्यामागं जायचा बंद झाला.

मी मॅडमना सगळं सांगितलं. “तू त्यांना सुधारायला गेली नव्हतीस ना?” त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, “मग ठीक. विचारणारं कुणी भेटलं, की माणूस स्वतःच दार उघडतो.” परीक्षेत त्या विषयात मला गुण बेताचेच पडले. व्याख्या मला कधीच पाठ व्हायच्या नाहीत.

मी शिक्षिका झाले. परभणीजवळच्या झरीच्या शाळेत होते, तिथंच खोली करून राहायचे. लग्न झालं, मुलगी झाली. वर्गात एखादं पोर मारामारी करून आलं की मी त्याला “का मारलंस” असं विचारत नसे. “मारायच्या आधी तुला काय वाटलं” असं विचारायची. उत्तरं ऐकून थक्क व्हायची मी. त्यावर लिहायचं तर वेगळा लेख होईल.

आणि असाच एक हिवाळा आला, शेवटी नामांतराचा निर्णय झाला तो. जानेवारीची थंडी. रेडिओवर बातमी आली आणि झरीतल्या आमच्या वस्तीत कुणीतरी ताशा काढला, कुणी साखर वाटली. पण सगळ्यांच्या मनात तो जुना पावसाळाही होता. रस्त्यावर पोलीस होते, एसटी कमी झाल्या होत्या. मी मुलीला घेऊन दाराच्या आत-बाहेर करत होते. माझ्या पोटाच्या वर काहीतरी दगडासारखं बसलं होतं आणि ते काय आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुपारी दारात दादा उभे. निवृत्तीला आलेले, केस पिकलेले, मफलर गुंडाळलेला. पूर्णेहून गाडीनं परभणी आणि तिथून कुठल्याशा ट्रकच्या टपावर बसून आले होते. अंगभर धूळ.

“दादा! असल्या दिवसांत कशाला निघालात?” माझाच आवाज चढला.

ते ओट्यावर टेकले. मी दिलेलं पाणी सगळं प्याले. मग हात छातीखाली ठेवून, आज सांधे दुखतात म्हणावं इतक्या सहज म्हणाले, “भ्या वाटलं म्हणून आलो. तुला अन् लेकराला बघावं म्हणलं.”

मी त्यांच्याशेजारी बसले. लांब वस्तीतला ताशा ऐकू येत होता. ते थोडा वेळ ऐकत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ओठ मात्र हसत होते.

“शाले, येक विचारू? भ्या तं वाटायलंयच. पण आनंदबी लय झालाय. इतका की मावंना. दोन्ही येकदम आलंय, येकाच जागी. असं व्हतंय का गं मानसाला? तुज्या त्या अभ्यासात हाय का काई?”

“होतं, दादा,” मी म्हटलं. “मला पण आत्ता तसंच होतंय.”

“मंग बरंय,” असं म्हणून त्यांनी माझ्या मुलीला उचलून मांडीवर घेतलं. “मला वाटलं माजंच काईतरी बिघडलंय.”